लॉकडाउनमध्ये मोठी झालेली मुलं: वाचकांचे प्रश्न

मार्च २०२० मध्ये तिसरी-चौथीत असलेली मुलं आज नववी-दहावीत आहेत, सहावी-सातवीतली बारावीत किंवा कॉलेजात. महासाथीत वयात आलेल्या या मुलांबद्दल गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहर, इचलकरंजी, कागल, शिरोळ, करवीर असं सगळीकडून पत्रं आली. नावं आणि ओळख पटेल असा तपशील काढून त्यांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरं मानसोपचारतज्ज्ञ आणि शालेय समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. साथ गेली, पण त्या काळात घराने लावून घेतलेल्या सवयी राहिल्या, आणि त्यांना खतपाणी घालण्यात घरातल्या मोठ्या माणसांचाच नकळत हात असतो. म्हणून उत्तरांत पोरांपेक्षा मोठ्यांना जास्त कामं लावली आहेत.

प्रश्न: मुलगा नववीत आहे. चौथीचं अख्खं वर्ष मोबाइलवर गेलं, पाचवीचंही निम्मं. शाळेचा कंटाळा तेव्हापासून आहेच, पण दिवाळीनंतर रोज सकाळी पोटात कळा येतात, उलटीला होतं. तीन आठवडे झाले, शाळेत गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल. रविवारी मात्र गल्लीत क्रिकेट खेळतो. ह्यांचं म्हणणं, नाटकं आहेत, दोन ठेवून दिल्या की जाईल. (एक आई, राजारामपुरी)

नाटक नाही. रविवारी बरं आणि सोमवारी सकाळी कळा हे चित्र भीतीचंच असतं. भीतीने आतडं खरोखर आवळतं, मळमळ खरी असते. पोट खरंच बिघडलेलं असेल तर खुणा वेगळ्या: दुखण्याने झोपेतून जाग येणं, वजन उतरणं, शौचातून रक्त, ताप. तसं काही नसेल तर एकदा रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसह, आणि तिथे थांबा. दर पंधरा दिवसांनी नवी सोनोग्राफी केली की पोराला एकच कळतं: काहीतरी मोठं आहे, फक्त अजून सापडलेलं नाही.

सकाळी काय घडतं ते बघा. साडेनऊला भीती चढत जाते. तुम्ही म्हणता, राहू दे आजच्या दिवस. दहा मिनिटांत पोट शांत. शाळा टाळली की सुटका होते एवढंच मेंदू त्यातून शिकतो आणि दुसऱ्या दिवशी भीती आणखी लवकर चढते. लॉकडाउनमध्ये घरी थांबणं हाच शहाणपणा होता, आणि नेमक्या ज्या वयात मुलं मधल्या सुट्टीतली भांडणं मिटवायला, वर्गात उभं राहून चुकीचं उत्तर द्यायला, नको असलेल्या पोराशेजारी बसायला शिकतात, तेव्हा ती घरात होती. तुमच्या मुलाची चौथी तर घरीच गेली. जानेवारी २०२१ च्या शेवटी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले न उघडले तोच दुसरी लाट आली आणि ते पुन्हा बंद झाले. इतरांना नववीत जे आपसूक जमतं ते तुमच्या मुलाला पहिल्यापासून शिकावं लागतंय.

आधी भीती नेमकी कशाची ते शोधा. "का जात नाहीस?" हा प्रश्न आठवडाभर बंद ठेवा. संध्याकाळी, पोट शांत असताना, शाळेचं वेळापत्रक आणि कागद घेऊन बसा. रिक्षा, फाटक, प्रार्थना, गणिताचा तास, मधली सुट्टी, शाळेचं स्वच्छतागृह, पाठांतर, अशा प्रत्येकापुढे त्याला शून्य ते दहा आकडा लिहू द्या. मोठ्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. आपल्याला वाटतं गणित, आणि दहापैकी नऊ मिळालेले असतात स्वच्छतागृहाला, कारण तिथे कोणीतरी दार धरून ठेवतं. असा छळ निघाला तर पोराला धीर देऊन तिथेच पाठवू नका. आधी तो छळ शाळेने थांबवायचा.

छळ नसेल तर पायऱ्या आखा. पहिल्या पायरीला गणवेश घालून संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं. मग शाळेच्या वेळेत आत जाऊन एक तास ग्रंथालयात किंवा समुपदेशकांपाशी बसायचं. मग सगळ्यात कमी आकड्याचा एक तास वर्गात, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग मधली सुट्टी धरून, शेवटी पूर्ण दिवस. सुरुवातीचा आकडा निम्म्यावर आला की पुढची पायरी. साधारण एका पायरीला तीन ते पाच दिवस लागतात. शाळेतून निघायची वेळ आधीच ठरवा आणि त्याआधी निघायचं नाही. भीती कळसाला गेली असताना उठून आलात तर त्या दिवसाचा उपयोग उलटा होतो. थांबून राहिलं तर ती बहुधा वीस ते चाळीस मिनिटांत आपोआप उतरायला लागते, आणि हेच त्याला अनुभवायला हवं आहे.

हे फसतं कुठे? एक, सोमवारी सुरुवात करण्यात. बुधवारी किंवा गुरुवारी सुरू करा, म्हणजे दोन-तीन दिवसांवर सुट्टी दिसते. दोन, एक दिवस बरा गेला की वडील उत्साहात म्हणतात, "आता उद्यापासून फुल डे." पायऱ्या गाळू नका. तीन, मधल्या सुट्टीत आईचा फोन: "बरं आहे ना रे पोटात?" त्या फोनने विसरलेलं पोट पुन्हा दुखायला लागतं. चार, वर्गात एखाद्या सरांचं वाक्य: "या साहेब, आज कसं काय येणं केलंत?" असल्या एका वाक्याने पंधरा दिवसांचं काम पाण्यात जातं. म्हणून वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांना आधी भेटून योजना लिहून द्या. बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्राचं काय ते याच भेटीत विचारून घ्या.

ज्या दिवशी तो घरी राहील त्या दिवशी शाळेच्या वेळेत वायफाय बंद, टीव्ही बंद, अंथरूण गोळा केलेलं. शिक्षा म्हणून नव्हे. घर शाळेपेक्षा गोड असू नये एवढ्यापुरतंच. सकाळी बोलायचं वाक्य एकच: "त्रास होतोय हे दिसतंय. साडेदहाला आपण निघतोय." त्यावर वाद नाही, समजूत नाही, लाच नाही. फाटकाशी तुमच्याच डोळ्यांत पाणी येत असेल तर सोडायला काकाला पाठवा. आणि दोन ठेवून दिल्याने पोरगं एखाद्या दिवशी जाईलही, पण तेव्हा भीती दोन जागी होते, शाळेत आणि घरात.

तीन आठवडे हा उशीरच झाला म्हणायचा. दोन आठवड्यांवर शाळा बुडाली की तज्ज्ञाला गाठावं. वागणूक आणि विचार बदलण्याच्या उपचाराची, म्हणजे सीबीटीची, साधारण १२ ते १६ सत्रं लागतात. वरचा कार्यक्रम त्यासोबतच चालतो. उन्हाळी सुट्टीनंतर थोडी घसरण होणारच. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी फाटकापर्यंतची फेरी पुन्हा करून आणा.

प्रश्न: आम्ही बहात्तरचा दुष्काळ बघितला, सुकडी खाऊन दिवस काढले. आमची पोरं डिप्रेशनमध्ये गेली नाहीत. ही आताची फॅडं नाहीत काय? (एक आजोबा, गडहिंग्लज)

दुष्काळात भूक होती, पण माणसं एकत्र होती. खडी फोडायला अख्खी वाडी एका जागी यायची. २०२० मध्ये पोटाला मिळालं असेल, पण माणसाने माणसाजवळ जायचंच नाही हा नियम होता, आणि चौदाव्या वर्षी मित्र काढून घेणं ही साधी गोष्ट नाही. २०२१ मध्ये जगभरातले २९ अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा: महासाथीच्या पहिल्या वर्षात चारातल्या एका मुलात नैराश्याची आणि पाचातल्या एकात चिंतेची ठळक लक्षणं होती, आधीच्या जवळपास दुप्पट. लक्षणं म्हणजे पक्का आजार नव्हे, हेही खरं. बहुतेक मुलं सावरली. या पानावर न सावरलेल्यांची पत्रं आहेत. आणि आजोबा, तुमच्या पिढीतही रात्र-रात्र जागणारी, कामावरून मन उडालेली माणसं होतीच. त्यांना आपण बाहेरचं झालंय म्हणून अंगारा लावत होतो.

प्रश्न: मुलगा सोळा वर्षांचा. लॉकडाउनआधी पेठेच्या पोरांत फुटबॉल खेळायचा. आता रात्री तीनपर्यंत मोबाइलवर गेम, सकाळी अकराला उठतो. फोन हिसकावला तर दारं आपटतो, एकदा आईच्या अंगावर धावून गेला. (वडील, शिवाजी पेठ)

फोन आणि झोप एकमेकांत अडकली आहेत. सुरुवात झोपेपासून करा, कारण तिथे भांडण कमी होतं.

वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ एक-दोन तास पुढे सरकतं. सोळाव्या वर्षी रात्री दहाला झोप न येणं हा आळस नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. एरवी सकाळची शाळा आणि सराव हे घड्याळ रोज मागे खेचून धरतात. २०२० मध्ये अंथरुणातच तास सुरू झाले आणि तो लगाम सुटला.

सगळे पालक झोपायच्या वेळेवर पकड घ्यायला जातात आणि हरतात. झोप हुकमाने येत नाही. पकड उठण्यावर घ्या. आज अकराला उठतो, तर तीन दिवस साडेदहाला, मग तीन दिवस दहाला, अशी दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासाची चाल. साडेसहापर्यंत यायला तीन ते चार आठवडे लागतात. उठल्यावर पहिल्या तासात अर्धा तास बाहेरच्या उजेडात: गच्ची, गल्ली, रंकाळ्याची चक्कर, काहीही. खोलीतल्या ट्यूबलाइटने हे काम होत नाही. दुपारी झोपलाच तर वीस मिनिटं, चारच्या आत. चारनंतर चहा-कॉफी नाही. रविवारी तासाभराहून जास्त सूट देऊ नका. सहा दिवसांची कमाई रविवारी दुपारी बारापर्यंतच्या झोपेत जाते.

फोनचा नियम सगळ्या घराला लावा: रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचाही. वडील अंथरुणात रील बघत असतील तर हा नियम तिसऱ्या दिवशी मोडतो. गेमच्या मध्यावर फोन ओढू नका. एक मॅच वीस-तीस मिनिटांची असते, मधे सोडली तर संघातली पोरं शिव्या घालतात, आणि त्याच्यासाठी ते मैदानातून पळून जाण्यासारखंच आहे. "ही मॅच संपली की बंद" असं अर्धा तास आधी सांगा. अंगावर आला तर झटापट करू नका. बाजूला व्हा, बोलणं दुसऱ्या दिवशी दुपारी. वायफायची वेळ राउटरमध्ये लावता येते, त्यावर कोणाच्या अंगावर धावून जाता येत नाही.

आणि फुटबॉल. कोल्हापुरात पेठेचा संघ म्हणजे नुसता व्यायाम नाही, ती ओळख असते. गेममध्येही तो तेच शोधतोय: संघ, डाव, कौतुक. त्याला एकदम खेळायला लावू नका, अंगात दम राहिलेला नसतो आणि लाज वाटते. जुन्या मित्राला सांगून आधी नुसतं सराव बघायला, मग वॉर्मअपपुरतं.

मात्र दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. किशोरवयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ चिडचिड, गेममध्येही रस नाही, जेवण उतरलं, "काय उपयोग?" अशी भाषा, तर हा झोपेचा प्रश्न राहत नाही. उलट, तीन-चार तास झोपूनही ताजातवाना, अखंड बडबड, मोठमोठे बेत, पैशांची उधळण असं चार-पाच दिवस दिसलं, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

प्रश्न: मुलगी पंधरा वर्षांची. कोरोनात आम्हीच तिला हात धुवायला शिकवलं. आता दिवसातून दोन तास हात धुते, साबणाची वडी दोन दिवसांत संपते. दुधाच्या पिशव्या अजून धुवायला लावते. वडील कारखान्यातून आले की आंघोळ केल्याशिवाय आत येऊ देत नाही. नळ मी सोडायचा, दार मी उघडायचं. हात फुटलेत. नाही केलं तर थरथर कापते. (आई, इचलकरंजी)

हा ओसीडी, म्हणजे नको असलेला विचार आणि तो शमवायला पुन्हा पुन्हा तीच कृती करायला लावणारा आजार, आहे असं वर्णनावरून वाटतं, आणि त्यावर चांगला उपचार आहे. तुम्ही शिकवल्यामुळे तो झाला नाही. लाखो मुलांना वीस सेकंद हात धुवायला शिकवलं आणि साथ सरल्यावर त्यांनी सोडून दिलं. ज्यांच्यात या आजाराचा कल होता त्यांना मात्र साथीने विषय पुरवला. फरक ओळखायचा तो असा: नियम वीस सेकंदांनी संपतो, ओसीडीतलं धुणं "आता बरोबर वाटलं" असं वाटेपर्यंत चालतं, आणि तसं वाटणं दर महिन्याला उशिरा येत जातं. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, पृष्ठभागांवरून होणारा प्रसार किरकोळ, हे पुढे स्पष्ट झालं. पण ही माहिती तिला रोज सांगून उपयोग नाही. तिलाही ती माहीत असते.

पहिलं काम तुमचं. आठवडाभर वहीत लिहा: तिच्या भीतीसाठी घरातलं कोण काय काय करतं. नळ सोडणं, पिशव्या धुणं, वडिलांची आंघोळ, आणि "काही होणार नाही ना आई?" याला दिलेली उत्तरं. ही यादी पाहून घरचेच थक्क होतात. ती मदत प्रेमाने केलेली असते, पण आजार तिच्यावर जगतो.

ती बंद करायची, पण अचानक नाही. "आजपासून कोणी काही करणार नाही" असं फर्मान काढलं की मुलगी कोसळते आणि आठ दिवसांत घर पहिल्यापेक्षा जास्त मदत करायला लागतं. तिला सोबत बसवून यादीतली सगळ्यात सोपी एक गोष्ट निवडा, समजा दुधाची पिशवी. "सोमवारपासून पिशवी न धुता दूध तापवणार" असं चार दिवस आधी सांगा आणि सोमवारी तसंच करा. ती थरथरेल. जवळ बसा, पण पिशवी धुऊ नका. तिची घालमेल कमी झाली की वहीत वेळ लिहा. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली असतील तर आठव्या दिवशी पंधरा असं काहीतरी दिसेल, आणि तो उतरता आकडा पुढच्या पायरीसाठी तिचं भांडवल असतो.

तिच्या स्वतःच्या पायऱ्या मात्र प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली व्हाव्यात. कडीला हात लावायचा आणि पाच मिनिटं धुवायचं नाही, मग दहा, मग अर्धा तास, मग त्याच हाताने बिस्किट खायचं. यात चोरवाटा निघतात: साबणाऐवजी सॅनिटायझर, मनातल्या मनात आकडे मोजणं, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून धीर मिळवणं. तो धीर म्हणजेही एक धुणंच. त्यावर उत्तर असं: "हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे. मी याला उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते."

एक नाजूक गोष्ट. घरात पाळीची शिवाशिव कडक असेल तर पंधरा वर्षांच्या मुलीच्या या आजाराला आयती ढाल मिळते. कुठला नियम घराचा आणि कुठला आजाराचा हे तिला वेगळं काढता येत नाही. उपचाराच्या काळापुरती तरी ती पाळणूक थांबवा, आणि आजी असतील तर त्यांना डॉक्टरांकडूनच सांगू द्या.

औषध लागू शकतं. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही या वयात वापरली जाणारी औषधं आहेत. ओसीडीत परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, डोस नैराश्यापेक्षा बरेचदा जास्त असतो. चौथ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. त्यांची चटक लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी होते. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वाढली किंवा जिवाचं बरंवाईट बोलायला लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा. फुटलेल्या हातांना प्रत्येक धुण्यानंतर आणि रात्री जाडसर पेट्रोलियम जेली. पू किंवा पिवळी खपली दिसली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: मी बारावीत आहे. मे २०२१ मध्ये बाबा गेले. त्याआधी मी क्रिकेट खेळायला जात होतो. पहिला ताप मला आला, चार दिवसांनी बाबांना. हे कोणाला बोललो नाही. आईसमोर बाबांचा विषय काढत नाही, ती रडते. कधी वाटतं आपण नसतो तर बरं झालं असतं. (शिरोळ तालुका)

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. "नसतो तर बरं" हे वाटणं आणि स्वतःला काही करावं असं वाटणं यांत अंतर आहे. तू कुठे आहेस हे आम्हाला इथून कळत नाही. दुसऱ्या बाजूला जरा जरी कल असेल, तर हे पान बाजूला ठेव आणि आत्ता १४४१६ ला फोन कर. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत. फोनवर बोलणं जमणार नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाला एवढंच सांग: "मला एकट्याला ठेवू नका." बाकीचं नंतर सांगता येईल.

आता त्या चार दिवसांबद्दल. लागण झाल्यापासून ताप यायला २ ते १४ दिवस लागू शकतात, आणि माणूस ताप यायच्या दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण देऊ शकतो. कित्येकांना तर लक्षणंच येत नव्हती. म्हणजे ताप आधी कोणाला आला यावरून लागण कोणाकडून कोणाला झाली हे काढता येत नाही. बाबांकडून तुला झाली असेल, दोघांना तिसऱ्याच कोणाकडून झाली असेल. मे २०२१ मध्ये ४५ वर्षांखालच्यांना लस नुकती खुली झाली होती आणि मिळत नव्हती. बेड आणि ऑक्सिजनसाठी जिल्हाभर धावाधाव होती. यातलं काही बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात नव्हतं.

हे वाचून अपराधीपण जाईल असं नाही, कारण ते हिशेबाने आलेलं नाही. तरी एक काम कर, दिवसा, आणि शक्यतो समोर कोणीतरी असताना. बाबांच्या जाण्याला जी जी कारणं होती ती सगळी कागदावर लिही: विषाणू, लाट, लस नसणं, त्यांचा बीपी किंवा साखर असेल तर ती, दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ. प्रत्येकाला शंभरातला वाटा दे. तुझं क्रिकेट सगळ्यात शेवटी लिही. शेवटी लिहायचं कारण असं की पहिल्यांदा लिहिलं तर तू सगळे शंभर तिथेच टाकशील.

दुसरं म्हणजे निरोप. तेव्हा अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, देह गुंडाळलेला, कित्येक पोरांना तोंडही बघायला मिळालं नाही. जे दिसलं नाही त्यावर मनाचा विश्वास बसायला वेळ लागतो. निरोप आजही घेता येतो. बाबांना पत्र लिही, त्यात क्रिकेटचंही लिही. शेतात किंवा त्यांच्या आवडत्या जागी जाऊन ते वाच. आईला त्या शेवटच्या आठवड्याबद्दल विचार. ती रडेल. रडण्याने तिला अपाय होणार नाही. बहुतेक ती तुझ्यासाठी गप्प आहे आणि तू तिच्यासाठी. सुरुवात कशी करावी कळत नसेल तर हे पान तिच्यापुढे ठेव.

दुःख हा आजार नव्हे. पण सहा महिन्यांनंतरही ते रोज तितकंच टोचत असेल, अभ्यास-जेवण-झोप अडत असेल, तर त्याला उपचार लागतो. तुझ्या बाबतीत चार वर्षं उलटून गेली आहेत. तेव्हा भेट घेच.

या मुलाच्या आईसारख्या वाचकांसाठी दोन ओळी. मूल असं बोललं तर "मरायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. शेतीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवा, किल्ली नातलगाकडे. घरातल्या गोळ्यांचं तसंच. आणि मूल अठराच्या आतलं असेल तर बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये एक पालक गमावलेल्या मुलालाही मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात.

प्रश्न: वर्गातल्या एका मुलीच्या मनगटावर ओरखडे दिसले. पालकांना सांगितलं तर मार बसेल, नाही सांगितलं तर जबाबदारी माझी. (शिक्षिका, कागल)

आधी तिच्याशी एकटीशी, दार उघडं ठेवून, दहा मिनिटं. "हे दिसलं, काळजी वाटली" एवढं पुरे. कारणांची उलटतपासणी नको, जखम दाखव असा हट्ट नको. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. "कोणाला सांगायचं आणि काय सांगायचं हे आपण दोघी ठरवू" असं म्हणा. मग त्याच दिवशी मुख्याध्यापक, आणि पालकांपैकी जो कमी तापट असेल तो, शाळेत बोलावून, तिच्यासमोर. घरीच मारहाण किंवा त्याहून वाईट काही चाललं असल्याचा संशय आला तर पालकांआधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन. वर्गात या विषयावर भाषण देऊ नका, मुली लगेच ओळखतात की कोणाबद्दल चाललंय.

प्रश्न: दाखवायचं कुठे? खर्च किती? नाव पडलं तर पुढे लग्नाला, नोकरीला अडचण येते म्हणतात. (वडील, हुपरी)

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक चालतात, तिथून पुढे पाठवतात. जवळच्या रुग्णालयात वार आणि वेळ विचारून जा. औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेला डॉक्टर. बोलण्याचे उपचार करतो तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारायला संकोच करू नका. नुसती "काउन्सेलर" पाटी कोणीही लावू शकतो. पहिल्या भेटीला शाळेच्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती, आधीचे रिपोर्ट, झोप-जेवणाची आठवडाभराची नोंद न्या, आणि मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

नाव पडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, तेव्हा दाखल करायची वेळ आली तर पॉलिसी काढून बघा. युनिसेफच्या २०२१ च्या पाहणीत २१ देशांतल्या तरुणांपैकी सरासरी ८३ टक्के म्हणाले की त्रास असेल तर मदत घ्यावी. भारतात असं म्हणणारे ४१ टक्केच निघाले. लग्नाची काळजी करणारे वडील हे त्यातलं एक कारण आहे, रागावू नका.

प्रश्न: दर पावसाळ्यात पाणी वाढलं की शाळा बंद, आणि धाकटी म्हणते "परत लॉकडाउन लागला". २०२१ ला तर साथ आणि पूर एकदमच. पुन्हा असं घरात अडकायची वेळ आली तर पोरांसाठी काय करावं? (आई, प्रयाग चिखली)

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे तुमच्याकडच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. पण दिवसभर ग्रुपवर फूट आणि इंच बघत बसल्याने घाबरट पोर जास्त घाबरतं. बातमी दोनदा बघायची, सकाळी आणि संध्याकाळी, मोठ्यांपैकी एकानेच, आणि घरात मोठ्याने सांगायची. कुजबुज नको. "पाणी ४१ वर आलं तर आपण मावशीकडे जाणार" असं ठरलेलं पोरांना माहीत असलं की रात्रीची निम्मी धास्ती कमी होते.

दिवसाला तीन खुंट्या ठोका: उठायची वेळ, सगळ्यांचं एकत्र एक जेवण, आणि रोज एकदा घराबाहेरचं माणूस भेटणं किंवा फोनवर बोलणं, ज्यात मित्राचा आवाज असेल. वेळापत्रकाचा मोठा तक्ता भिंतीवर लावू नका, तो चौथ्या दिवशी मोडतो आणि भांडणाचा विषय होतो. मोठ्या पोरांना खरं काम द्या: कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये बांधणं, जनावरांची दावण, आजीच्या गोळ्यांचा हिशेब. निवारा शिबिरात वयात आलेल्या मुलींसाठी कपडे बदलायला आडोसा आणि पॅडची सोय पहिल्या दिवशीच मागून घ्या. हे कोणी विचारत नाही आणि मुली पाणी प्यायचं कमी करतात.

सामानात त्यांच्या मनाची एक वस्तू जाऊ द्या, बॅट म्हणा, चित्रांची वही म्हणा. चालू असलेली मानसिक आजाराची औषधं पंधरा दिवसांची हाताशी ठेवा, चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर. शाळा उघडली की पहिल्याच दिवशी पाठवा. वह्या भिजलेल्या असतील, गणवेश वाळलेला नसेल, तरी. "चार दिवस आराम करू दे" म्हणत घरी ठेवलेल्या मुलांतलीच काही पुढे पहिल्या पत्रातल्या मुलासारखी अडकतात.